सर्व्हो ब्रेकची जुनी मोटरसायकल घेताना

२००१ ते २००६ या पाच-सहा वर्षांत बीएमडब्ल्यूने आपल्या बऱ्याच मोटरसायकलींना विजेच्या मोटारीची मदत असलेले ब्रेक बसवले. कारच्या ब्रेकला सर्व्हो असतो, त्याच जातीची ही सोय. आधीच्या गाड्यांना ती नव्हती, आणि २००७ च्या मॉडेलांपासून बहुतेक गाड्यांवरून ती पुन्हा गेलीसुद्धा. त्यामुळे आज जर्मनीत लांब पल्ल्याची जुनी गाडी शोधायला निघालं, की या मधल्या काळातल्या गाड्या हमखास समोर येतात. दिसायला उत्तम असतात आणि किमतीला परवडतात. ब्रेकचं काय करायचं, हा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर घरी येतो. मी म्युनिकमध्ये अशीच एक आर ११५० आरटी घेतली. घेण्याआधी काय तपासलं, घेतल्यावर काय केलं आणि चालवताना काय जाणवतं, ते सविस्तर लिहिते आहे.

मला सर्व्हो हवाच होता. माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडून जुळलेलं आहे आणि पकड पहिल्यासारखी राहिलेली नाही. मोटरसायकल मी कोल्हापुरात वडिलांच्या स्प्लेंडरवर शिकले. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना ते मागे बसून एकच सांगायचे, "ब्रेकवर उतरू नकोस गं, गिअरवर उतर." ड्रम ब्रेकच्या गाडीला तेच बरोबर होतं आणि ती सवय अजून आहे. पण जर्मनीत आलं की सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्स चालत नाही, लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत ताशी ५० किलोमीटर वेगावरून गाडी कमीत कमी अंतरात थांबवून दाखवायची असते. सरावाच्या दिवशी संध्याकाळी माझं मनगट ठणकायचं. परीक्षा पास झाले, पण भरलेल्या बॅगा आणि मागे नवरा अशी गाडी आल्प्समध्ये दिवसभर थांबवत राहायची, तर नुसत्या बोटांच्या जोरावर भागणार नाही हे तेव्हाच कळलं.

आता हा ब्रेक चालतो कसा ते. साध्या डिस्क ब्रेकमध्ये लिव्हर दाबला की तुमच्या हाताचा दाब ब्रेक ऑइलमधून थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकावरची तबकडी दोन पॅडांमध्ये पकडणाऱ्या भागापर्यंत जातो. या गाड्यांमध्ये मधे टाकीखाली एक मॉड्युलेटर आहे. लिव्हरपासून मॉड्युलेटरपर्यंत ऑइलचं एक सर्किट आणि मॉड्युलेटरपासून चाकापर्यंत दुसरं. दोन्ही एकमेकांपासून वेगळी. तुमचा हात फक्त पहिल्या सर्किटात दाब देतो. लिव्हरजवळचा स्विच हलला की मॉड्युलेटरमधली मोटार सुरू होते, आणि चाकाकडचा खरा दाब ती तयार करते. ब्रेक धरून ठेवला तेवढा वेळ टाकीखालून बारीक घुर्र असा आवाज येत राहतो. याच डब्यात एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोयसुद्धा आहे. आरटीवर त्यात आणखी एक भर आहे: हाताने लावा की पायाने, दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, आणि कुठल्या चाकाला किती द्यायचा ते गाडीवरच्या वजनाप्रमाणे आपोआप ठरतं. आर ११५० जीएससारख्या काही गाड्यांवर हाताचा लिव्हर दोन्ही चाकं धरतो आणि पायाचा फक्त मागचं.

ही दोन सर्किटं वेगळी असणं हाच या ब्रेकचा मोठा गुण आणि तोच मोठा धोका आहे. साध्या गाडीवर पॅड झिजले की हँडलवरच्या डबीतलं ऑइल खाली जातं. हवा शिरली की लिव्हर मऊ लागतो. ऑइल जुनं झालं की उतारावर लिव्हर आत जायला लागतो. म्हणजे हात सांगतो काहीतरी बिघडलंय. इथे हाताला लागतं ते फक्त लिव्हरकडचं सर्किट. चाकाकडचं ऑइल काळं पडलेलं असो, पातळी खाली गेलेली असो, लिव्हर टणकच लागणार. चाकाकडच्या ऑइलची टाकी मॉड्युलेटरवर आहे आणि मॉड्युलेटर पेट्रोलच्या टाकीखाली. टाकी काढल्याशिवाय ती कुणालाच दिसत नाही, विकणाऱ्यालाही नाही. त्यामुळे "लिव्हर बघा किती घट्ट आहे" असं कुणी म्हणालं, तर त्याला या गाडीवर काही अर्थ नाही.

मी ज्या गाड्या पाहिल्या त्यातल्या बहुतेकांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. काहींचे कागद नव्हते, एक पडलेली होती. पण ऑग्सबुर्गजवळच्या एका गावात पाहिलेल्या गाडीबद्दल सांगायला हवं. २००३ ची, अतिशय कमी चाललेली, नवी वाटावी इतकी चकचकीत. चावी फिरवली की एबीएसचे दिवे लुकलुकायला लागतात, ते ठीकच असतं, कारण तेव्हा यंत्रणा स्वतःची तपासणी करत असते. त्या वेळी लिव्हरला किंवा पेडलला हात-पाय लावायचा नसतो, नाहीतर तपासणी पूर्ण होत नाही. मग गाडी जराशी पुढे चालली, माणसाच्या चालण्याच्या वेगाला आली, की दिवे विझायला हवेत. त्या गाडीचे विझले नाहीत, उलट जास्त भराभर लुकलुकू लागले. मालक म्हणाले, "बॅटरी उतरली आहे, बाकी काही नाही." हे खोटंच असेल असं मी म्हणणार नाही. या गाड्यांची बॅटरी कमकुवत असली आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली आलं, तर खरंच अशी चूक नोंदवली जाते, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केली की जाते. म्हणून मी विचारलं, दुसरी बॅटरी जोडून बघू या का? ते नको म्हणाले. मग ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारलं. "गाडी चाललीच कुठे फारशी, बदलायचं कशाला?"

तिथेच मी निघाले. ब्रेक ऑइल किलोमीटरवर खराब होत नाही, वर्षांवर होतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं असं प्रमाण आहे, पण पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तेच प्रमाण १५५ अंशांवर येतं. साध्या गाडीत याचा परिणाम उतारावर लिव्हर आत जाऊन ब्रेक कमी पडण्यापुरता. सर्व्होच्या गाडीत तेच पाणी मॉड्युलेटरच्या बारीक झडपांपाशी बसून राहतं आणि गंज धरतो. इकडे बरेच लोक एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच महिन्यांची नंबरप्लेट घेतात, उरलेला हिवाळा गाडी गॅरेजमध्ये उभी. वीस वर्षं अशी अर्धा-अर्धा वेळ उभी राहिलेली आणि ऑइल न बदललेली गाडी ही या ब्रेकच्या बाबतीत सगळ्यात वाईट गाडी. कमी किलोमीटर बघून इथे अजिबात भुलू नये. नियमित चाललेली, नियमित ऑइल बदललेली गाडी लाखभर किलोमीटर झालेली असली तरी मी आधी ती बघेन.

मी घेतलेली गाडी रोझेनहाइमच्या बाजूला एका निवृत्त गृहस्थांकडे मिळाली. २००४ ची. ११३० सीसीचं बॉक्सर इंजिन, ९५ अश्वशक्ती, भरल्या टाकीसह २७९ किलो वजन. त्यांनी गाडी दाखवण्याआधी फाइल दाखवली. त्यात ब्रेक ऑइलच्या पावत्या होत्या आणि त्यांवर "दोन्ही सर्किटं" असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हे दोन शब्द शोधावे लागतात. नुसतं "ब्रेक ऑइल बदललं" असं लिहिलं असेल तर कुणीतरी हँडलवरच्या डबीतून फक्त लिव्हरकडचं बदलून दिलेलं असू शकतं, कारण त्याला टाकी काढावी लागत नाही आणि काम अर्ध्या तासात उरकतं. पावतीवर मजुरीचे तास किती लावलेत तेही बघावं. टाकी उतरवून केलेल्या कामाचे तास वेगळेच दिसतात.

मग आम्ही त्यांच्या घरासमोर गाडी तपासली. मी आधी चावी बंद ठेवून गाडी ढकलत नेली आणि लिव्हर दाबला. हे प्रत्येकाने करून बघावं. चावी बंद म्हणजे मोटार बंद, आणि मोटार बंद म्हणजे उरतो तो फक्त तुमच्या हाताचा जोर, तोही मॉड्युलेटरमधून वाट काढत गेलेला. जर्मन पुस्तिकेत याला "उरलेला ब्रेक" अशा अर्थाचा शब्द आहे आणि तो अगदी योग्य आहे. लिव्हर खूप आत गेला, चारही बोटं लावून दाबल्यावर गाडी थांबली. मग चावी चालू केली, तपासणी होऊ दिली, आणि पुन्हा एका बोटाने स्पर्श केला. घुर्र आवाज आला आणि गाडी जागच्या जागी खिळली. दोन्हींतला फरक इतका मोठा आहे की वाचून कल्पना येणार नाही.

"आता खरी तपासणी करायची आहे का?" त्यांनी स्वतःहून विचारलं. जवळच्या एका दुकानाच्या रविवारी रिकाम्या असलेल्या पार्किंगमध्ये आम्ही गेलो. सपाट जागा, अगदी कमी वेग. मी क्लच दाबला, हँडल सरळ ठेवलं आणि चावी एक खाच मागे घेतली. हँडल लॉकच्या बाजूला चावी जाणार नाही याकडे पूर्ण लक्ष ठेवून. इंजिन बंद, दिवे बंद, मोटार बंद. लिव्हर दाबला. पहिल्या क्षणी काहीच झालं नाही असं वाटतं. मग जोर वाढवत गेलं की गाडी सावकाश धरते. शिवाय या अवस्थेत जोडब्रेकची सोयही जाते: हात फक्त पुढचं चाक धरतो आणि पाय फक्त मागचं. म्हणजे दोन्ही लावायलाच हवेत. हात थरथरेपर्यंत दाबला आणि पेडलवर उजव्या पायाचा पूर्ण भार दिला, तेव्हा कुठे मनासारखी थांबली.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड विचार तिथे उभा राहिला. सर्व्होची गरज कुणाला? ज्याच्या हातात जोर कमी त्याला. आणि सर्व्हो बंद पडला तर सगळ्यात जड कुणाला जाणार? त्यालाच. दणकट पंजाच्या माणसाला उरलेला ब्रेक पुरून उरेल, पण त्याला सर्व्होवाचूनही भागलं असतं. या यंत्रणेच्या बाजूने किंवा विरोधात लोक बोलतात तेव्हा हा मुद्दा क्वचितच येतो, आणि माझ्या मते निर्णय याच मुद्द्यावर व्हायला हवा. मी तिथेच ठरवलं की बंद सर्व्होवर ही गाडी मला थांबवता येते की नाही, एवढंच बघायचं. हाताने एकट्याने जमत नव्हतं. हात आणि पाय मिळून जमत होतं, पुन्हा पुन्हा करून बघितलं तेव्हाही जमत होतं. जमलं नसतं तर पावत्यांची फाइल कितीही जाड असती तरी मी ती गाडी घेतली नसती.

तीन हजार युरोंच्या आसपास व्यवहार झाला. नोंदणी, विमा हे सगळं नेहमीसारखं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मात्र ट्यूफच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर आणण्यायोग्य आहे का हे बघणाऱ्या सक्तीच्या तपासणीबद्दल एक सांगते. मोटरसायकलला ही तपासणी दर दोन वर्षांनी असते आणि एबीएसचा दिवा विझत नसेल तर गाडी पास होत नाही. त्यामुळे जुन्या सर्व्होच्या गाडीची ट्यूफ नुकतीच झालेली असणं हे जमेचं आहे, पण त्यातून चाकाकडच्या ऑइलची स्थिती कळत नाही. ती पावतीतूनच कळते, किंवा टाकी काढून.

टाकी मी काढवून घेतलीच. फाइल चांगली होती तरी गाडी आपल्या हातात आल्यावर पहिली खूण आपली असावी असं मला वाटतं. म्युनिकमध्ये तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉपं आहेत, लिफ्ट आणि हत्यारं तिथेच. एका ओळखीच्या मेकॅनिकने, ज्याने या गाड्या नव्या असताना त्यांच्यावर काम केलं होतं, यायचं कबूल केलं. सीट, दोन्ही बाजूंचे पत्रे, मग पंचवीस लिटरची टाकी. म्हणून अशा दिवशी टाकी जवळजवळ रिकामी घेऊन जायची. टाकी उतरल्यावर मॉड्युलेटर दिसला: काळा, ठोकळ्यासारखा डबा, त्यातून चहूकडे निघालेल्या नळ्या आणि वर ऑइलची दोन झाकणं.

त्याने आधी चारही बाजूंनी तयारी केली. बॅटरीला चार्जर जोडला, कारण या कामात मोटार बराच वेळ चालवावी लागते. कॅलिपरमधून पॅड काढले, पिस्टन पूर्ण आत ढकलले आणि ते बाहेर येऊ नयेत म्हणून मधे लाकडाच्या चकत्या घातल्या. मी कारण विचारलं. झिजलेल्या पॅडवर टाकी काठोकाठ भरली आणि नंतर कधी नवे पॅड घातले, तर पिस्टन आत ढकलताना जास्तीचं ऑइल मॉड्युलेटरवर उतू जातं. म्हणून नव्या पॅडएवढी जागा धरूनच पातळी लावायची. हे माहीत नसलेल्या माणसाने केलेलं काम पुढच्या पॅड बदलण्याच्या दिवशी गळतं.

मग त्याने मॉड्युलेटरच्या तोंडावर खास आट्यांचं नरसाळं बसवलं आणि त्यात ताजं ऑइल ओतलं. कॅलिपरच्या निपलला, म्हणजे जुनं ऑइल बाहेर सोडायच्या तोंडाला पारदर्शक नळी, नळी बाटलीत. मला म्हणाला, "चावी लाव. आणि लिव्हरला फक्त बोट टेकव. दाबू नकोस." मी बोट टेकवलं. मोटार घुर्र करून उठली आणि नळीतून ऑइल जोरात धावलं. आपण साध्या गाडीची हवा काढताना लिव्हर हापसत बसतो, निपल सैल कर, आवळ, सैल कर. इथे पंपच सगळं ढकलून देतो. आलेलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. मागची पावती फार जुनी नव्हती, तरीही. तो एका डोळ्याने नळीकडे आणि एका डोळ्याने नरसाळ्याकडे बघत होता. नरसाळं रिकामं झालं तर पंप हवा ओढतो आणि मग ती हवा बाहेर काढणं हे मोठं काम होऊन बसतं. हळूहळू नळीतला रंग फिका होत गेला, मग पिवळसर, मग पाण्यासारखा. पुढची दोन्ही कॅलिपर, मागचं कॅलिपर, त्यानंतर लिव्हरकडची सर्किटं. शेवटी चकत्या काढून पॅड बसवले, चावी लावून दिव्यांची तपासणी पूर्ण होऊ दिली आणि मगच टाकी जागेवर गेली.

ऑइलची बाटली स्वस्त असते. पैसे जातात ते टाकी काढण्या-बसवण्याच्या वेळेला आणि जाणत्या माणसाला. कंपनीच्या वेळापत्रकात जी मुदत दिली आहे ती पाळायची, एवढं साधं आहे, पण विसाव्या वर्षी तीन हजारांच्या गाडीवर दर वेळी हा खर्च करायला बरेच मालक तयार होत नाहीत. आणि मॉड्युलेटर गेला तर नव्याची किंमत दोन हजार युरोंच्या घरात जाते, म्हणजे गाडीच्या किमतीला भिडते. जुना डबा उघडून दुरुस्त करून देणारे आहेत, त्याला बरेच कमी लागतात. काही जण सर्व्हो आणि एबीएस दोन्ही काढून साध्या नळ्या घालतात. जर्मनीत ते नुसतं काढून चालत नाही, तपासणी करून कागदपत्रात नोंद करावी लागते. मला तो मार्ग पटत नाही. ओल्या रस्त्यावर एबीएस ही चैन नाही.

चालवताना सगळ्यात आधी सवय मोडावी लागली ती कमी वेगाची. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत आपण क्लच अर्धवट आणि मागचा ब्रेक हलका धरून मुंगीच्या पावलाने गाडी नेतो. मागचा ब्रेक गाडीला स्थिर ठेवतो. आरटीवर मागचं पेडल पुढचं चाकसुद्धा धरतं, आणि सर्व्होमुळे जरा जास्तच धरतं. यू टर्न घेताना हँडल वळलेलं असताना पेडलला पाय टेकला, तर पुढचं चाक थबकतं आणि २७९ किलो आतल्या बाजूला झुकायला लागतात. त्यामुळे वळणाच्या आधी वेग कमी करून घ्यायचा आणि वळणात फक्त क्लच आणि ॲक्सिलरेटरवर गाडी न्यायची. रिकाम्या पार्किंगमध्ये याचा सराव केल्याशिवाय कुणी ही गाडी गर्दीत नेऊ नये. शहरातल्या सिग्नलवरही ब्रेक धरून उभं राहायचं नाही. मोटार घुरघुरत बॅटरी खात बसते. न्यूट्रल करावं, पाय टेकावेत, हात सोडावा.

पहिले काही दिवस ब्रेक कमी-जास्त लावणंही जमत नाही. लिव्हर आणि चाक यांच्यामध्ये मोटार असल्यामुळे बोटाला रस्ता जाणवत नाही, आणि सुरुवातीचा झटका मोठा असतो. मागे बसलेल्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आपटतं. नवरा एकदा वैतागून म्हणाला, "अगं, थांबवतेस की आदळतेस?" बोटाचा दाब किती हलका असू शकतो हे हाताला उमगायला वेळ लागतो, पण उमगतं.

आणि मग आल्प्स. झुडेलफेल्डचा घाट बायरिशत्सेलकडे उतरताना, दोघं जण, दोन्ही बॅगा भरलेल्या, पाऊस नुकता पडून गेलेला. एका बोटाने ब्रेक. गाडी पुढे नाक खुपसत नाही, मागचं चाक हलकं होत नाही, दोन्ही चाकं मिळून गाडी खाली बसते आणि वेग उतरतो. मागे माणूस बसला आहे की मी एकटी आहे, हे हाताला वेगळं मोजावं लागत नाही. नंतर आम्ही इटलीत स्टेल्व्हिओला गेलो. २७५७ मीटर उंचीवरून प्राडच्या बाजूला उतरताना ४८ हेअरपिन वळणं आहेत, पंचवीसेक किलोमीटरमध्ये अठराशे मीटरहून जास्त उतरायचं. बाबांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या गिअरवरच उतरले, तरी प्रत्येक वळणाच्या तोंडाशी ब्रेक लागतोच. खाली पोचल्यावर हेल्मेट काढलं, पाण्याची बाटली उघडली आणि लक्षात आलं की मनगट दुखत नाहीये. आधीच्या भाड्याच्या गाड्यांवर याहून लहान घाटानंतर मला बाटलीचं झाकण फिरवता यायचं नाही. माझ्यासाठी या ब्रेकचा फायदा तो हा. बाकी कुणाला तो इतका मोठा वाटेल असं नाही.

बंद सर्व्होवर थांबण्याचा सराव मात्र मी सोडलेला नाही. हिवाळ्यानंतर गाडी बाहेर काढली की आधी रिकाम्या जागी चावी मागे घेऊन हात आणि पाय एकत्र लावून बघते. शरीराला ते आठवत राहिलं पाहिजे. सर्व्हो चालू असताना पाय आळशी होतो, कारण एका बोटात काम भागतं, आणि बंद पडला तर त्या पायावरच सगळं आहे. फिजिओथेरपिस्टने दिलेला रबरी चेंडू दाबण्याचा व्यायामही त्यासाठीच चालू ठेवला आहे. घाटात जाण्याच्या दिवशी सकाळी दिवे विझले नाहीत तर चावी बंद-चालू करून बघते, तरी विझले नाहीत तर त्या दिवशी घाट रद्द.

महाराष्ट्रातल्या मंडळींना हे सगळं वाचून आपल्या एबीएसच्या गाडीची काळजी वाटू नये म्हणून एवढं सांगते. भारतात १ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलांना आणि २०१९ पासून त्या वर्गातल्या सगळ्याच नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, आणि त्यामुळे आता जुन्या बाजारातही अशा गाड्या भरपूर आल्या आहेत. त्यांच्यावर सर्व्हो नसतो. एबीएसचा फ्यूज उडाला किंवा दिवा लागून राहिला तरी लिव्हर आणि कॅलिपर थेट जोडलेले असतात, साधा ब्रेक हातात राहतो. चाक लॉक होऊ न देण्याची सोय तेवढी जाते. या दोन गोष्टींची गल्लत करून एबीएसलाच नावं ठेवणारे मला इथे आणि तिथेही भेटले आहेत. ब्रेक ऑइल वेळेवर बदलायचं हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

अलीकडे आमच्या इथल्या मराठी मित्रांपैकी एक जण, नुकतंच लायसन्स मिळालेला, मला म्हणाला, "ताई, २००५ ची आर १२०० जीएस मिळतेय, बघायला येशील का?" गेले. सर्व्होचीच गाडी, दिवे व्यवस्थित विझले, ब्रेक जोरदार. फाइलमध्ये मागच्या काही वर्षांची एकही ऑइलची पावती नव्हती. मी त्याला चावी बंद करून ढकलायला सांगितलं आणि लिव्हर दाबायला लावला. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी दणकट, त्याला काही अडचण आली नाही. मग मी त्याला विचारलं, तुला या सर्व्होची गरज कशासाठी आहे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, किंमत सोडून. टाकी काढून दोन्ही सर्किटं करायचा खर्च आणि मॉड्युलेटरची जोखीम धरली तर किमतीतला फरक उरतच नव्हता. पुढे महिन्याभरात त्याने २००८ ची, सर्व्हो नसलेली आणि साध्या एबीएसची जीएस घेतली.